जनहित याचिका करणाऱ्या संस्थेत कामाला लागताय? मग हे काम कसं चालतं ते आधी वाचा

जून उजाडला की आमच्याकडे लॉ कॉलेजची मुलं इंटर्नशिपला येतात आणि पहिल्या दिवशीचा प्रश्न ठरलेला, ताई, कोर्टात कधी जायचं? बॅगेत काळा कोट नीट घडी करून आणलेला असतो. मी त्यांच्यासमोर चारेकशे पानांचं बाड ठेवते आणि सांगते, याला पान नंबर टाका. चेहरे बघण्यासारखे होतात. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं, संविधानाच्या केसेस लढणाऱ्या संस्थेत नक्की काय काम चालतं, कुठून सुरू होतं, आणि तुम्ही वकील असा, सोशल वर्कवाले असा की नुसतेच उत्साही, पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या वाट्याला काय येणार. कोर्टात उभं राहून बोलणं हा यातला फार तर दहावा हिस्सा, बाकी सगळं त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर.

थोडी पार्श्वभूमी, पटकन. एरवी ज्याचं नुकसान झालं त्यानेच कोर्टात जायचं असतं. पण त्याला कोर्टाचा जिना चढणंच शक्य नसेल तर? १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत खटला न चालताच वर्षानुवर्षं पडून असलेल्या कैद्यांच्या बातम्या पेपरात आल्या, त्या वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, ती हुसैनारा खातून केस. काही कैदी तर असे की शिक्षा झाली असती तर जेवढी झाली असती त्याहून जास्त दिवस ते आधीच आत होते. मग १९८१ च्या डिसेंबरात एस. पी. गुप्ता निकालात कोर्टाने म्हटलं की गरिबीमुळे किंवा परिस्थितीमुळे ज्यांना येता येत नाही त्यांच्या वतीने दुसरं कुणी प्रामाणिकपणे आलं तर आम्ही ऐकू, साधं पत्रसुद्धा चालेल. यालाच जनहित याचिका म्हणतात, आणि आपल्यासारख्या संस्थांचं दुकान तिथून उघडलं. आता पत्रावर फार काही होत नाही हां, पत्रातून याचिका झालेली उदाहरणं वाचून कुणी पोस्टाच्या तिकिटाला धावू नका.

पायरी १: ऐका, आणि तारखा लिहा

लोक येतात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद कोंबून, आणि गोष्ट मधूनच सुरू करतात. करू द्या. पहिली वीस मिनिटं मध्ये बोलू नका, फक्त समोरच्या कागदावर डावीकडे तारीख आणि उजवीकडे काय झालं असे दोन रकाने पाडा आणि भरत जा. तारीख आठवत नसेल तर गणपतीच्या आधी की नंतर, पेरणी झाली होती का, मुलगी तेव्हा कितवीत होती, असं विचारलं की सापडते. हाच कागद पुढे याचिकेची लिस्ट ऑफ डेट्स होतो, त्यामुळे तो फेकायचा नाही.

मग विचारायचं की तुम्हाला नक्की काय हवंय. 'न्याय हवाय' हे उत्तर येतं, ते खरंही असतं, पण कोर्टाकडे मागायला त्याचे तुकडे करावे लागतात: रेशन सुरू व्हायला हवं का, झोपडी पाडायची थांबवायला हवी का, की नियमच रद्द व्हायला हवा. आणि कृपा करून पहिल्या भेटीत 'आपण नक्की जिंकू' असं म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं, नवीन होते, त्या काकूंनी ते वाक्य पुढची चार वर्षं मला ऐकवलं.

इथेच निम्म्याहून जास्त लोकांना आपण दुसरीकडे पाठवतो आणि त्यात कमीपणा काही नाही. एकट्या माणसाचा प्रश्न असेल, पोटगी, मजुरी, जामीन, तर जिल्हा कोर्टातलं विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले, यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, आणि हे पुष्कळ लोकांना ठाऊकच नसतं. नोकरीतली बदली-बढती घेऊन कुणी आलं तर तेही सरळ सांगायचं, सर्व्हिस मॅटरमध्ये जनहित याचिका चालत नाही. आपल्याकडे राहतात त्या केसेस अशा, की ज्यात एका माणसाच्या मागे तसेच हजार उभे आहेत आणि चूक एखाद्या साहेबाच्या लहरीत नसून नियमात, जीआरमध्ये (म्हणजे शासन निर्णयात) किंवा सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत आहे.

पायरी २: कलम शोधा, पण आधी जीआर शोधा

नवीन माणूस १४, १९, २१ ही त्रिमूर्ती टाकतो आणि त्याला वाटतं झालं. समानता, स्वातंत्र्य, जगण्याचा हक्क, आहेतच ती कलमं, पण कोर्टाचा पुढचा प्रश्न असतो की नेमकं कुठल्या कृतीने ती मोडली, आणि तिथे घाम फुटतो. म्हणून उलट्या बाजूने या. लोकांना जे मिळत नाहीये त्याबद्दल सरकारचा स्वतःचाच कायदा, नियम किंवा जीआर आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा असतो, कुठल्यातरी वर्षी काढून विसरलेला. तो सापडला की केस एकदम सोपी होते, तुम्ही म्हणता साहेब तुमचंच लिहिलेलं तुम्ही पाळा, त्याला नाही म्हणणं अवघड. माझं वैयक्तिक मत, चांगली याचिका वाचायला थोडी कंटाळवाणी असते, भाषण ठोकलेली याचिका दिसली की मला संशय येतो की हिच्याकडे कागद नाहीत.

पायरी ३: कागद, म्हणजे बहुतेक वेळा माहितीचा अधिकार

हा सगळ्यात वेळखाऊ भाग आणि इथेच केस उभी राहते किंवा पडते, म्हणून जरा सविस्तर. २००५ च्या कायद्याखाली अर्ज, महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं, आणि तिथे मात्र रांग मोठी असते त्यामुळे आपली योजना दुसऱ्या अपिलावर अवलंबून ठेवू नका. अर्जात 'का' विचारायचं नाही. 'अमुक गावात पाणी का येत नाही' याला माहिती म्हणत नाहीत आणि ते तसं लिहून मोकळे होतात. 'अमुक योजनेच्या खर्चाच्या नोंदवहीची प्रत, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं मागा. फाईल बघायलाही मागता येते, आणि बघायला गेलात की टिपणी असलेली हिरवी पानं आधी बघा, खरा किस्सा तिथे असतो.

पण सरकारी कागद म्हणजे सत्य असंही नाही आणि लोक सांगतात तेही जसंच्या तसं नाही. एका तालुक्यातल्या सरकारी वसतिगृहाची केस होती, मुलींनी सांगितलं संडास नाहीत. माहिती अधिकारात उत्तर आलं, सहा बांधले, सहा अस्तित्वात, सोबत बिलं. आमचा एक जोशात आलेला सहकारी म्हणाला बघा कसं धडधडीत खोटं, टाका याचिका. मी म्हटलं थांब, जाऊन येऊ. गेलो. सहा संडास होते! सहाही कुलपात, किल्ली गृहपालाकडे, आत तांदळाची रिकामी पोती आणि मोडकी बाकं, एका भांड्यावर तर रंगाचे डबे रचलेले. आम्ही दाराचे, कुलपांचे, आतल्या पोत्यांचे तारखेसकट फोटो काढले, मुलींकडून त्या कुठे जातात ती जागा बघितली, वाडीच्या मागचा ओढा, चालत अकरा मिनिटं, मी घड्याळ लावून चालले. आणि याचिकेत 'नाहीत' हा शब्द काढून 'बांधलेले आहेत परंतु वापरासाठी खुले नाहीत' असं लिहिलं. तो 'नाहीत' राहिला असता तर सरकारी वकिलाने पहिल्याच तारखेला बांधकामाचे फोटो दाखवून आम्हाला शपथेवर खोटं बोलणारे ठरवलं असतं आणि मग बाकीचं कोण ऐकतंय.

पायरी ४: निवेदन द्या आणि पोच सांभाळा

हे लोकांना फॉर्मॅलिटी वाटतं. कोर्टाने सरकारला अमुक कर असा आदेश द्यावा असं तुम्ही मागता, तेव्हा पहिला प्रश्न येतो की तुम्ही सरकारकडे आधी मागितलं होतं का आणि त्यांनी नाही म्हटलं का. म्हणून संबंधित अधिकाऱ्याला मुद्देसूद निवेदन, वाजवी मुदत, आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का. शिक्का नसेल तर ते निवेदन नाहीच असं समजा, नंतर 'आमच्याकडे असं काही आलेलं नाही' हे वाक्य ऐकायला मिळतंच. उद्या सकाळी बुलडोझर येणार असेल तर अर्थातच महिनाभर थांबायचं नसतं, तेव्हा ईमेल आणि धावाधाव. आणि काही वेळा, दर वेळी नाही पण काही वेळा, नुसत्या निवेदनावरच काम होऊन जातं आणि याचिकेचा मसुदा ड्रॉवरमध्ये राहतो. इंटर्न लोक हिरमुसतात.

पायरी ५: याचिकाकर्ता कोण

संस्था स्वतः, की ज्यांच्यावर बेतलंय ते लोक, की दोघं? मी शक्यतो दोघं म्हणते. लोकांचं नाव असलं की कोर्टाला हाडामांसाचा माणूस दिसतो, संस्थेचं नाव असलं की दबाव आल्यावर केस बुडत नाही. कारण दबाव येतो. नाव देणाऱ्याला बाजूला बसवून, घरच्यांसमोर, त्याच्या भाषेत सांगा की गावात तुझं नाव होईल, कुणीतरी समजवायला येईल, कदाचित रात्री येईल, आणि हे वर्षानुवर्षं चालू शकतं. किती वर्षं? समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धची याचिका दिल्ली हायकोर्टात २००१ मध्ये दाखल झाली, तिथे २००९ मध्ये जिंकली, सुप्रीम कोर्टात २०१३ मध्ये हरली, आणि दुसऱ्या याचिकांवर शेवटचा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ ला. हे ऐकून जो तरी 'टाका माझं नाव' म्हणेल त्याचं नाव टाका.

संस्थेलाही स्वतःचा चेहरा दाखवावा लागतो. भंपक याचिकांचा सुळसुळाट झाला म्हणून सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१० मध्ये बलवंत सिंह चौफाल प्रकरणात हायकोर्टांना नियम करायला सांगितलं, त्यातून मुंबई हायकोर्टाचे २०१० चे जनहित याचिका नियम आले. यात आपला काही वैयक्तिक फायदा नाही हे शपथेवर सांगावं लागतं, माहिती कुठून आली तेही. कोर्टाला शंका वाटली तर पैसे भरायलाही सांगतात.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला घसा कोरडा करून सांगते. कच्ची याचिका टाकून हरलात तर फक्त तुम्ही हरत नाही. १९८५ मध्ये अंधेरीच्या एका प्रकरणात, फॉरवर्ड कन्स्ट्रक्शन नावाने आहे ते, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की प्रामाणिकपणे केलेल्या जनहित याचिकेचा निकाल त्याच मुद्द्यावर नंतर येणाऱ्यांनाही बांधू शकतो. म्हणजे तुमच्या घाईमुळे दुसऱ्या कुणाचं तरी दार बंद.

पायरी ६: कुठलं कोर्ट

कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्ट, २२६ खाली हायकोर्ट. दिल्लीचं आकर्षण सगळ्यांनाच, पण २२६ रुंद आहे, मूलभूत हक्कांच्या पलीकडचंही मागता येतं, आणि लोकांना तारखेला एसटीने येता येतं. विदर्भाचं नागपूरला, मराठवाड्यासोबत नगर, जळगाव, धुळे, नंदुरबार संभाजीनगरला, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांचं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला, उरलेलं मुंबईला.

पायरी ७: मसुदा

सिनॉप्सिस, म्हणजे याचिकेचा सारांश, दोन पानांच्या वर नको. न्यायमूर्तींच्या समोर त्या दिवशी ढीगभर फायली असतात, तुमची गोष्ट त्यांना पहिल्या पानावर कळली पाहिजे. प्रत्येक वाक्याच्या मागे कागद, कागद नसेल तर ज्याने स्वतः बघितलंय त्याचं प्रतिज्ञापत्र, तेही नसेल तर वाक्य काढा. मराठी कागदांची भाषांतरं आधीपासून करायला घ्या, शेवटच्या रात्री केलेल्या भाषांतरात 'गायरान' चं काय काय झालेलं मी पाहिलंय. प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्याला सगळं वाचून दाखवा, समजलं का विचारू नका, 'काय समजलं ते सांगा' म्हणा.

प्रार्थना, म्हणजे शेवटचं मागणं, ते सगळ्यात आधी लिहा असं मी सांगते. जे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही, आणि जे मागितलं ते कोण, कधीपर्यंत, कसं करणार हे त्यात नसेल तर मिळूनही हातात काही येत नाही. 'संडास खुले करावेत' हे झालं मागणं, पण 'गृहपालाने सात दिवसांत कुलपं काढावीत आणि प्रकल्प अधिकाऱ्याने महिन्याच्या आत पाहणी करून फोटोसह अहवाल द्यावा' याच्यावर नंतर बोट ठेवता येतं.

पायरी ८: कोर्टाचा दिवस

फाईल केल्यावर आधी स्टॅम्प नंबर पडतो, मग ऑफिस ऑब्जेक्शन निघतात, समास कमी, पान अस्पष्ट, भाषांतर नाही, ती काढली की रजिस्ट्रेशन. मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, यायला प्रेसिपी, म्हणजे लेखी विनंती, द्यायची, घाई असेल तर मेन्शनिंग, म्हणजे न्यायमूर्तींसमोर तोंडी विनंती. आदल्या संध्याकाळी बोर्ड बघायचा आणि रात्री पुन्हा, कारण सप्लिमेंटरी बोर्ड उशिरा येतो. अकरा वाजल्यापासून बसून साडेचारला 'स्टँड ओव्हर, तीन आठवडे', म्हणजे तारीख पुढे, असं ऐकून परत येणं हे नॉर्मल आहे, गावाकडच्या लोकांना हे आधी सांगून ठेवा नाहीतर त्यांना वाटतं काहीतरी बिनसलं. युक्तिवाद कसा करतात हे शिकायचं असेल तर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाच्या सुनावण्या सप्टेंबर २०२२ पासून लाइव्ह दिसतात, दोन दिवस बसून बघा, त्यातही न्यायमूर्ती काय विचारतात ते लिहून काढा, वकील काय बोलतात ते कमी.

पायरी ९: निकाल लागल्यावर

इथे बहुतेक लोक पेढे वाटून फाईल कपाटात ठेवतात. १० जुलै १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल घ्या, मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांचा. रोजीरोटीचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असं त्यात म्हटलंय, आजही सगळे तो दाखवतात, पण त्याच निकालाने पावसाळ्यानंतर त्या झोपड्या काढायला परवानगीही दिली. त्यामुळे निकाल हातात पडला की पहिल्या पानावर नाचू नका, शेवटची दोन पानं वाचा, आदेश तिथे असतो.

आणि आदेश चांगला असला तरी तो स्वतःच्या पायाने तालुक्याला जात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ, म्हणजे ऑनलाइन लिहिलेल्या मजकुरासाठी गुन्हा ठरवणारं, सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले, मग पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेला पुन्हा कोर्टात जावं लागलं आणि २०२२ मध्ये परत सांगावं लागलं की त्याखाली कुणावर खटला चालवू नका. कलम रद्द झालंय हे सांगायला सात वर्षांनी दुसरा आदेश! त्याउलट निवडणूक रोख्यांचं बघा. १५ फेब्रुवारी २०२४ ला योजना रद्द झाली, निकालातच स्टेट बँकेला ६ मार्चची तारीख घालून दिली होती, बँकेने ३० जूनपर्यंत वेळ मागितला, याचिकाकर्ते लगेच अवमान याचिका घेऊन गेले, ११ मार्चला कोर्टाने मुदतवाढ नाकारली आणि १४ तारखेला यादी लोकांसमोर होती. आदेशात तारीख होती आणि याचिकाकर्ते झोपले नव्हते, एवढाच काय तो फरक. तिसरी पद्धत अन्नाच्या हक्काच्या केसची. २००१ मध्ये दाखल झालेली, त्यात कोर्टाने एकदम निकाल न देता एकामागून एक अंतरिम आदेश दिले, २८ नोव्हेंबर २००१ ला शाळेत शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं, आणि पाळलं जातंय का ते बघायला आयुक्त नेमले. केस वर्षानुवर्षं उघडी ठेवायची आणि तारखेला हिशोब मागायचा.

आपल्या पातळीवर करायचं ते असं. सर्टिफाइड कॉपीला त्याच दिवशी अर्ज. आदेशाचं एका पानाचं मराठी, साधं, तारखांसकट, ते संबंधित प्रत्येक ऑफिसात पोच घेऊन आणि गावात ग्रामपंचायतीच्या बोर्डावर. आदेशातली प्रत्येक मुदत डायरीत, तिच्या आठवडाभर आधीचीही. मुदत गेली की नोटीस, नोटिशीला उत्तर नाही आलं की अवमान, पण अवमानाची धमकी ऊठसूट नको. त्या वसतिगृहाची कुलपं आदेशानंतर नवव्या दिवशी निघाली. आम्ही दोन महिन्यांनी न सांगता गेलो तर संडास उघडे, स्वच्छ, आणि नळाला पाणी नाही, टाकीपर्यंत पाइपच आला नव्हता. मग परत अर्ज, परत पोच, या वेळी पाणीपुरवठ्याकडे.

पैशाचंही विचारतात मुलं, म्हणून. इथे पैसा कमी आहे, आणि वकील असाल तर बार कौन्सिलच्या नियम ४९ मुळे फुल टाइम पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही, त्यामुळे आपल्यासारख्या संस्थांत वकील बहुतेक मानधनावर असतात आणि थोडं बाहेरचंही काम करतात. लागण्याआधी हे स्पष्ट बोलून घ्या, लाजू नका.

आणि ते पान नंबर. माझ्या पहिल्या याचिकेत ८३ नंतर एक पान दोनदा मोजलं गेलं होतं, तिथून पुढचं सगळं एकाने चुकलेलं, न्यायमूर्तींनी सांगितलेल्या पानावर माझ्या सीनियरांना दुसराच कागद मिळाला आणि कोर्टरूममध्ये ते बाड उलटत राहिले ती दोन मिनिटं मला अजून आठवतात. तर नंबर आधी पेन्सिलने, वरच्या उजव्या कोपऱ्यात, पेनने शेवटच्या दिवशी, कारण शेवटच्या दिवशी मध्येच एखादं एक्झिबिट, म्हणजे जोडायचा कागद, घुसतंच.